पट्टी वाकते, पण कुठे?

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गॅलरीत ठेवायला एक बुटकं बाकडं करायचं मनात आलं. जुन्या पलंगाची सागवानी फळी माळ्यावर पडून होती, ३५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड. पाय तेवढे हवे होते. लाकडाचे करायचे तर सांधे आले, आणि सांध्यांना सराईत हात लागतो. म्हटलं, लोखंडी पट्टी वाकवू. ४० बाय ६ ची पट्टी आणली, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद आणि ६ जाड. वाईसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या दोन जबड्यांच्या शिकंज्यात, उभी आवळली, वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि रेटलं.

वाकली. इतकी मुकाट्याने वाकली की मला माझ्या दंडांचा अभिमानच वाटला. मग नीट पाहिलं. जबड्यापाशी काटकोन व्हायचा तो झालाच नव्हता. खालच्या वीत-सव्वा वीत लांबीत पट्टीने पसरट कमान घेतली होती, छत्रीच्या मुठीसारखी. उलट रेटून सरळ करायला गेलो तर ती भलतीकडेच वाकली आणि कमानीचा साप झाला.

आमची परळची चाळ, दारं सताड उघडी. शेजारचे काका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ते चहाचा कप घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "वाकवलीस रे, पण कुठे वाकायचं ते तिला सांगितलंच नाहीस."

घरी पट्टी वाकवायची म्हटलं की लोक ताकदीची काळजी करतात. ताकद फारशी लागत नाही, हे पुढे आकड्यांत दिसेलच. सगळी खटपट असते ती एका बोटभर जागेत वाकवायची आणि बाकीची पट्टी सरळ ठेवायची.

आधी पट्टीच्या पोटात काय होतं ते बघू. स्टीलची फूटपट्टी जराशी वाकवून सोडली तर टुणकन सरळ होते, जास्त वाकवली तर तशीच राहते. साधं लोखंड, ज्याला बाजारात एमएस म्हणतात, ते दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलोचा ताण येईपर्यंत पहिल्या स्वभावात असतं. तेवढ्या ताणाला ते हजारात जेमतेम सव्वा भाग लांबतं आणि सोडलं की परत मूळ लांबीवर येतं. ताण त्यापुढे गेला की लांबलेलं तसंच राहतं. आपल्याला हा दुसरा स्वभाव हवा असतो, पण पहिला पूर्ण जात नाही. म्हणून वाकवून सोडलेली पट्टी नेहमी थोडी परत उघडते.

वाकताना पट्टीची सगळी जाडी सारखी ताणली जात नाही. कापसाची जाड गादी दुमडून पाहा. बाहेरचं कापड ताणून तट्ट होतं, आतल्या बाजूला चुण्या पडतात, आणि मधे कुठेतरी एक थर ना लांबतो ना आखडतो. पट्टीचंही तेच. आता हिशेब करा. ६ मिलिमीटरची पट्टी आतून ६ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईवर वाकवली, तर मधला थर ९ च्या त्रिज्येवर वळतो आणि बाहेरचा १२ च्या. १२ भागिले ९, म्हणजे बाहेरची कातडी मूळ लांबीच्या एक तृतीयांशाने ताणली गेली. आतली गोलाई ३ ची केली तर तोच हिशेब ९ भागिले ६ होतो, म्हणजे ताण थेट निम्म्याने. साधं लोखंड सरळ ओढून तोडलं तर तुटायच्या आधी साधारण चौथा हिस्सा लांबतं. वाकवताना बाहेरच्या कातडीला आतल्या थरांचा आधार असल्याने ते त्याहून थोडं जास्त सोसतं, पण निम्मं म्हणजे पट्टीचा अंत पाहणं झालं. म्हणून नियम असा, की आतली गोलाई पट्टीच्या जाडीपेक्षा कमी नको.

वाईसच्या जबड्याला असली गोलाई नसते. त्याची कड धारदार असते आणि दातरे पट्टीवर उमटतात ते वेगळंच. यावर उपाय फुकटातला आहे. जबड्याच्या रुंदीचा, १२ मिलिमीटर जाड लोखंडाचा एक तुकडा घ्यायचा आणि त्याची एक वरची कड कानशीने ६ मिलिमीटर त्रिज्येत गोल करायची. ज्या बाजूला पट्टी वाकणार त्या बाजूला जबडा आणि पट्टीच्या मधे हा तुकडा बसवायचा. काका याला 'उशी' म्हणतात. कानस मारायला मला पाऊण तास लागला, पण ती उशी अजून चालते आहे.

याच कारणासाठी पट्टीवर खूण कुठे करायची हेही ठरतं. टोकदार सुईने ओरखडा मारायची सवय असेल तर तो आतल्या बाजूला मारा. बाहेरच्या बाजूचा ओरखडा ताणाखाली उघडतो आणि चीर तिथूनच सुरू होते. बेंडच्या, म्हणजे वाकणाऱ्या, जागेवरच्या दोन्ही कडाही कानशीने किंचित मोडून घ्याव्यात, विशेषतः पट्टी मोठ्या पत्र्यातून कातरून काढलेली असेल तर.

आता मूळ प्रश्न, ती कमान आली कुठून?

जात्याचा खुंटा मधल्या खिट्टीजवळ नसतो, कडेला असतो. जितका लांब तितका फिरवायला हलका. पट्टीचं वरचं टोक ओढताना आपण तेच करतो. वाकवणारा जोर म्हणजे हाताचा रेटा गुणिले हातापासूनचं अंतर. हातापाशी तो शून्य असतो आणि खाली उतरत जबड्यापाशी सगळ्यात जास्त होतो. यामुळे पट्टी जबड्यापाशीच वाकायला हवी ना? सुरुवात तिथूनच होते. पण पट्टीची फक्त कातडी कायमची ताणायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दीडपट जोर ती पूर्ण जाडीभर शरण यायला लागतो. म्हणजे जबड्यापाशी पट्टी पुरती नमेपर्यंत त्याच्या वर जिथे जिथे दोन तृतीयांश जोर पोचलाय, तिथे कातडी आधीच हललेली असते. जोर सरळ रेषेत उतरत असल्याने ही जागा खालचा एक तृतीयांश भाग निघते. माझी पट्टी जबड्याच्या वर ८० सेंटिमीटर होती. एक तृतीयांश म्हणजे २६-२७ सेंटिमीटर. छत्रीची मूठ बरोबर तेवढीच होती.

हे गणित कळल्यावर मला पट्टीचा राग येणं बंद झालं. तिने सांगितलं तसंच केलं होतं.

उपाय असा, की बेंडच्या वरची सगळी पट्टी एखाद्या ताठ वस्तूला बांधायची. ४० बाय ४० चा हातभर अँगल, म्हणजे एल आकाराचा लोखंडी दांडा, घ्या, पट्टीच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा, दोन सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या पकडींनी) आवळा आणि अँगलचं खालचं टोक उशीच्या वर एक सेंटिमीटर अंतरावर ठेवा. मग पट्टीला हात न लावता अँगल रेटा. जोर आता अँगल सोसतो आणि पट्टीला वाकायला फक्त तेवढी बोटभर फट उरते. अँगल बाहेरच्याच बाजूला का? आत लावला तर काटकोन व्हायच्या आधीच तो उशीवर येऊन अडतो. क्लॅम्पचे जबडेही आत डोकावतात, म्हणून ते उशीच्या जाडीपेक्षा वर लावायचे. पहिल्या वेळी मी ते खाली लावले आणि पंच्याहत्तर अंशाला पट्टी ठप्प झाली.

ताकदीचा हिशेब लगेच करून टाकतो. पट्टी पूर्ण नमवायला लागणारा जोर म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा वर्ग, भागिले चार, गुणिले तो २५ किलोचा, म्हणजे २५० न्यूटनचा, ताण. ४० बाय ६ ला हे ९० न्यूटन-मीटर होतं. अर्ध्या मीटरवरून रेटलं तर सुमारे १८ किलो. प्रत्यक्षात बाजारातलं लोखंड पुस्तकी आकड्यापेक्षा थोडं कणखर असतं आणि वाकता वाकता आणखी कणखर होतं, म्हणून २५ किलो धरा. एका सिमेंटच्या गोणीच्या निम्मं. १० मिलिमीटर जाडी घेतली तर हाच आकडा पावणेतीनपट होतो, म्हणजे अर्ध्या मीटरवर ७० किलो. तिथे माणूस लटकतो आणि टेबल उठतं.

टेबलाची गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे. माझं पहिलं कामाचं टेबल पट्टीच्या आधी सरकलं. वाईस भक्कम बोल्टने बसवलेला होता, पण टेबल होतं घसरड्या लादीवर. काकांनी टेबल फिरवायला लावलं, वाईसची बाजू खोलीकडे आणि पाठ भिंतीकडे. आता पट्टी भिंतीच्या दिशेने रेटायची. रेटा जितका जास्त तितकं टेबल भिंतीला घट्ट. शिवाय असं रेटताना पट्टी वाईसच्या मागच्या, न हलणाऱ्या जबड्यावर वाकते, आणि तोच जबडा दणकट असतो. वाईसही असा बसवायचा की मागचा जबडा टेबलाच्या कडेपासून किंचित पुढे येईल. मग लांब पट्टी सरळ खाली लोंबू शकते.

ती लोंबणारी पट्टी जबड्याच्या मधोमध धरता येत नाही, कारण मधे वाईसचा स्क्रू असतो. ती एका बाजूला धरावी लागते आणि मग जबडे तिरके आवळले जातात. दुसऱ्या बाजूला त्याच ६ च्या पट्टीचा छोटा तुकडा धरला की जबडे समांतर राहतात. इतकी साधी गोष्ट, पण मला कुणी सांगेपर्यंत सुचली नव्हती.

माप काढताना बहुतेकांचा घोळ होतो. माझी एक चौकट अशी होती: खाली जमिनीवर ३५ सेंटिमीटरची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंनी ३७.५ सेंटिमीटर उंच पाय, आणि वर फळीला स्क्रू मारायला आत वळवलेले ५ सेंटिमीटरचे दोन कान. बाहेरून मोजलेल्या मापांची बेरीज १२० सेंटिमीटर होते. तेवढी पट्टी कापली तर चौकट मोठी होते, कारण कोपरा गोल असतो. बाहेरून मापताना आपण टोकदार कोपरा धरून दोन्हीकडून मोजतो, पण पट्टी मात्र आतल्या जवळच्या वाटेने वळलेली असते.

सूत्र आहे. वाकलेल्या भागाची लांबी मोजायची ती आतली गोलाई अधिक जाडीच्या सुमारे ०.४२ पट एवढ्या त्रिज्येवर. ६ आणि ६ धरून काटकोनात ती १३.४ मिलिमीटर येते. टोकदार कोपऱ्याने आपण २४ धरले होते. फरक १०.६. पण सूत्रावर विसंबण्यापेक्षा नमुना वाकवणं मला जास्त पटतं, कारण आपली उशी, आपली पट्टी आणि आपला हात हे तिन्ही सूत्रात नसतात. ३०० मिलिमीटरचा तुकडा कापला, बरोबर मध्यावर खूण केली, वाकवला आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजल्या. एक १५५ भरली, दुसरी १५५.५. बेरीज ३१०.५. म्हणजे दर काटकोनाला साडेदहा मिलिमीटर वाचतात. चार काटकोनांचे ४२. पट्टी कापायची ११५८ मिलिमीटर.

खुणांसाठी एवढं लक्षात ठेवलं की पुरतं: टोकाच्या मापातून अर्धी बचत वजा करायची, मधल्या मापातून पूर्ण. कान ५० चा म्हणून पहिली खूण ४४.७५ वर. तिथून पुढे पायासाठी ३६४.५, मग तळासाठी ३३९.५, पुन्हा ३६४.५, आणि शेवटी ४४.७५ उरले पाहिजेत. या खुणा बेंडच्या मध्यावर येतात. उशीची गोलाई आणि पट्टीची जाडी सारखीच असेल तर एक गंमत होते: खूण उशीच्या वरच्या पातळीच्या किंचित वर, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, ठेवली की बेंड जागेवर पडतो. नमुन्याच्या तुकड्यावर दोन बाजू सारख्या भरल्या नाहीत, तर खूण तेवढी वर-खाली सरकवायची.

क्रम टोकाकडून मध्याकडे. आधी दोन्ही कान, मग तळाचे दोन कोपरे. उलट केलंत तर कान वाकवताना समोरचा पाय वाईसला आडवा येतो. शेवटच्या कोपऱ्याला आधी वाकवलेला पाय टेबलाच्या फळीखाली जातो, म्हणून तिथे खण किंवा आडवी पट्टी नको.

प्रत्येक बेंडच्या आधी गुण्या लावून पट्टी उशीच्या कडेशी काटकोनात उभी आहे ना हे पाहायचं. इथे आळस केला तर तो पुढे मोजून भरावा लागतो. एका अंशाची तिरपी पट्टी ३७५ मिलिमीटरच्या पायात साडेसहा मिलिमीटर बाहेर जाते, आणि बाकडं जन्मभर लंगडतं. परत उघडण्याचा हिशेबही इथेच. माझी पट्टी दोन-तीन अंश उघडायची, म्हणून ब्याण्णव-त्र्याण्णवपर्यंत नेऊन सोडत होतो. गोलाई जितकी मोठी तितकी पट्टी जास्त उघडते. म्हणूनच मोठ्या कमानी हाताने अचूक काढणं काटकोनापेक्षा अवघड जातं.

हातोडी शेवटी घ्या. कोपरा घट्ट बसवायला उशीच्या लगत, खाली, दोन-चार ठोके. वरच्या टोकावर मारलेली हातोडी नुसती झणझणते, पट्टी स्प्रिंगसारखी डुलते आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो.

चूक झालेला बेंड सरळ करायचा मोह होतो. करू नका. वाकलेली जागा कणखर झालेली असते, म्हणून उलट रेटल्यावर ती जागा सोडून शेजारची मऊ जागा वाकते. माझ्या पहिल्या पट्टीचा साप झाला तो यामुळे. हट्टाने दोन-तीनदा मागे-पुढे केलंत तर तुटते. तार तोडताना आपण मुद्दाम हेच करतो.

तापवून सोपं होईल ना, असं प्रत्येक जण विचारतो. होतं, लाल-नारिंगी झालेलं लोखंड लोण्यासारखं वळतं. पण चाळीत ६ च्या पट्टीला त्याची गरज नाही. छोट्या ब्लो-टॉर्चने ४० मिलिमीटरची पट्टी लाल होता होत नाही, कारण उष्णता पट्टीभर पळते. अर्धवट तापवणं तर थंडपेक्षा वाईट. दोनशे-तीनशे अंशांना लोखंडावर निळी झाक येते आणि त्या तापमानाला ते ठिसूळ असतं. घरगुती गॅसच्या सिलिंडरला बर्नर जोडून हे उद्योग अजिबात करू नयेत. आणि जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी कधीच तापवू नये. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने ताप भरतो.

जाडी किती घ्यावी, यावर माझं मत ठाम आहे. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, पण ताठपणा घनाने. ६ ऐवजी १० घेतली तर जोर पावणेतीनपट, ताठपणा साडेचारपटीहून जास्त आणि वजन फक्त पावणेदोनपटीच्या आत. जाड पट्टी म्हणजे फायदाच, असं वाटेल. पण घरच्या वाईसवर ८ च्या पुढे जाऊ नये. उलट बाजूने उंचीचा हिशेब असा, की पायाची उंची दुप्पट केली की तेवढ्याच धक्क्याला तो आठपट डुलतो. पट्टी जिकडे पातळ असते तिकडेच ही चौकट डुलते, म्हणजे बाकड्यावर बसून मागे-पुढे झुकाल त्याच दिशेला. ४० सेंटिमीटर उंचीला ६ ची पट्टी मला भरवशाची वाटते. ७५ सेंटिमीटरच्या जेवणाच्या टेबलाला तीच पट्टी लावलीत तर आमटीची वाटी हिंदकळेल. तिथे १० ची पट्टी फॅब्रिकेटरकडून प्रेसवर वाकवून घ्या, नाहीतर सरळ चौकोनी पाइप वापरा.

डुलणं नेहमी दोषच असतं असं नाही. १९२९ साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनासाठी मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइश या डिझायनर जोडीने केलेली खुर्ची आठवा. तिचे फुलीसारखे छेदणारे पाय चपट्या पोलादी पट्टीचेच आहेत. बसल्यावर किंचित लवणारी खुर्ची माणसाला आवडते, लवणारं टेबल नाही.

खरेदीबद्दल थोडं. दुकानात एमएस फ्लॅट मागा. कागदावर आयएस २०६२ (अशा लोखंडाचं भारतीय मानक) लिहिलेलं असेल तर उत्तम. पट्टी किलोवर विकली जाते आणि अख्खी साधारण ६ मीटरची असते. वजन स्वतः काढता येतं: रुंदी गुणिले जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००७८५, म्हणजे मीटरला किती किलो. ४० बाय ६ ला १.८८ किलो. माझ्या दोन चौकटींना मिळून सुमारे ४.४ किलो लागलं. काट्यावर फार वेगळं भरलं तर जाडी मोजून पाहा. रे रोड स्टेशनला उतरून दारूखाना नावाच्या लोखंड बाजारात गेलात तर लोखंडाचे ढीगच ढीग आहेत, पण अर्धी पट्टी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे फार भाव नसतो. मला बाजारभावाने आणि कापून मिळाली ती गल्लीतल्या ग्रिल बनवणाऱ्याकडे. वाईस, कानशी, क्लॅम्प यांसाठी मात्र नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारावी. सव्वा मीटरचे तुकडे करून घेतले की टॅक्सीत मावतात.

भंगारातली पट्टी स्वस्त पडते, पण ट्रकच्या पाट्याचा तुकडा कधी उचलू नका. ते स्प्रिंगचं पोलाद आहे. त्याचं कामच मुळी परत सरळ होणं. थंड वाकवायला गेलात तर ते एकतर ऐकत नाही, नाहीतर फटकन तुटतं, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

भोकं पट्टी सपाट असतानाच पाडणं सोपं, पण बेंडपासून दोन-अडीच सेंटिमीटर दूर. जवळ पाडलेलं भोक वाकताना लांबुळकं होतं. आणि रंग वाकवल्यानंतर. नव्या पट्टीवर निळसर काळा पापुद्रा असतो, तो बेंडवर तडकून सुटतो आणि रंगाला घेऊन गळतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो घासून काढायचा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारायचा. मुंबईच्या जूनमध्ये उघडं लोखंड रात्रभर ठेवलंत तर सकाळी ते नारिंगी झालेलं असतं.

चौकटी तयार झाल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर उभ्या करून पाहिल्या, कारण घरात तेवढीच एक सपाट जागा. एक चौकट दोन मिलिमीटर पिळलेली होती. तळाची पट्टी वाईसमध्ये धरून, पायाला अँगल बांधून हळूच उलट पिळली, बसली. फळीला स्क्रू मारताना कानांची भोकं मुद्दाम लांबट केली होती, फळीच्या रुंदीच्या दिशेने. सागवान पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि लोखंड फुगत नाही. दोघांना घट्ट बांधलं तर फळी चिरते नाहीतर स्क्रू उपटतात. प्रायमरवर काळ्या रंगाचा हात मी स्क्रू बसवल्यावर दिला. जुलैच्या मध्यावर बाकड्याखाली वाकून पाहिलं, तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्याशेजारी लाल प्रायमरची नखाएवढी बारीक चंद्रकोर उघडी पडली होती.